रेप्टनचा हिवाळा

मित्रहो, इंग्लंडच्या ऐन मध्यात, ट्रेन्ट नदीच्या परिसरात रेप्टन नावाचं गाव आहे. 1974 ते 1988 या काळात मार्टिन बिडल आणि बिर्थे क्योल्बी-बिडल या दांपत्याने तिथल्या जुन्या चर्चभोवती उत्खनन केलं. त्यात नवव्या शतकातला एक व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातून जहाजांनी आलेला लढवय्या, सापडला. वय पस्तीस ते पंचेचाळीस. डोळ्याच्या खोबणीतून आत शिरलेला घाव, डाव्या मांडीच्या हाडापर्यंत गेलेला दुसरा घाव. गळ्यात चांदीचा छोटा हातोडा, म्हणजे थॉर देवाचं चिन्ह. अंगालगत तलवार. आणि दोन मांड्यांच्या मध्ये नीट ठेवलेला रानडुकराचा सुळा. मांडीवरच्या वारात त्याचं पौरुष तुटलं असावं आणि परलोकी त्याला अपुरा पाठवू नये म्हणून पुरणाऱ्यांनी सुळा ठेवला असावा, असा त्याचा अर्थ लावला जातो. शेजारी खेटून एक तरुण पुरलेला आहे, जेमतेम सतरा ते वीस वर्षांचा. डीएनए तपासला तेव्हा दोघे पित्याच्या बाजूने अगदी जवळचे निघाले, बहुधा बाप-लेक.

या कबरीचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढे सुळा ठेवणारा हात येतो. त्या हाताचा मालक या माणसाला ओळखत होता. त्याने आधी बापाला मातीत ठेवलं, मग त्याच्या पोराला शेजारी. व्हायकिंगांवर साहसकथा लिहायची असेल तर ती या हातापासून सुरू व्हावी, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आपल्याला माहीत असलेली कथा जहाजापासून सुरू होते. धुकं, ड्रॅगनचं तोंड, मठ, आग. ती खोटी नाही. 793 साली लिंडिसफार्नचा मठ लुटला गेला आणि सगळं ख्रिस्ती जग हादरलं. त्याच्या काही वर्षं आधी वेसेक्स या दक्षिण इंग्लंडमधल्या राज्याच्या किनाऱ्यावर तीन जहाजं लागली. राजाचा कारभारी घोड्यावरून गेला, व्यापारी आहेत असं समजून त्यांना राजवाड्याकडे घेऊन यायला. त्यांनी त्याला तिथेच मारलं. प्रसंग जबरदस्त आहे, पण लुटून निघून जाणाऱ्याबद्दल पुढे सांगायला फारसं उरत नाही. खरी गोष्ट तो मुक्कामाला राहतो तेव्हा सुरू होते.

865 साली व्हायकिंगांची मोठी फौज पूर्व इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया राज्यात उतरली आणि परत गेलीच नाही. वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याच्या काळात संकलित झालेलं अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल, म्हणजे इंग्रजांची वर्षवार बखर, या फौजेला ‘हेरे’ म्हणतं, आणि स्वतःच्या फौजेला ‘फिर्द’. या ‘हेरे’ची व्याख्या वेसेक्सचा राजा ईने याच्या जुन्या कायद्यात सापडते: सात माणसांपर्यंत चोर, सात ते पस्तीस म्हणजे टोळी, त्याहून जास्त म्हणजे हेरे. म्हणजे चोर आणि सैन्य यांत फरक फक्त संख्येचा! लिहिणाऱ्याने हा शब्द मुठीत धरून ठेवावा. एकाच माणसांकडे बघताना दोन बाजूंना काय काय दिसत होतं, ते त्यात आहे.

ही फौज दर हिवाळ्याला एक ठिकाण धरून बसायची. यॉर्क, नॉटिंगहॅम, थेटफर्ड, रेडिंग, लंडन. सुगी झालेली, राजाच्या वाड्यांवर धान्य जमा झालेलं, आणि नदी हाताशी. 872-73 च्या हिवाळ्यात ती टॉर्क्सीला होती. तिथल्या शेतांत आज काय सापडतं? शिशाच्या शेकडो सोंगट्या. चांदीचे तुकडे, वजनं, तराजूचे भाग. दिरहम ही अरबी चांदीची नाणी कापून केलेले तुकडे. सूत कातायच्या चात्या. तुमच्यापैकी जे लिहितात त्यांना माझी विनंती आहे, या सोंगट्या आधी हातात घ्या. लांबच लांब संध्याकाळी, धुराने डोळे चुरचुरतात, पटाच्या मध्यभागी राजा आणि चारी बाजूंनी हल्लेखोर. खेळणाऱ्यांत लोहार आहे, घोड्याच्या खुरांची काळजी करणारा आहे, उद्या वाटणीवरून भांडणार असलेले दोघे आहेत. चात्या आहेत म्हणजे सूत कातणारी माणसं आहेत. बायका आहेत, बहुधा पोरंही. ही छावणी एखाद्या चालत्या गावासारखी होती.

पुढच्या हिवाळ्यात, 873-74 साली, ती रेप्टनला आली. रेप्टन म्हणजे मध्य इंग्लंडमधल्या मर्सिया राज्याच्या राजांचं दफनस्थान. फौजेने चर्चलाच तटबंदीचा भाग करून खंदक खणला. राजांच्या समाध्यांच्या उशाशी परक्या फौजेने चुली मांडल्या. बावीस वर्षं राज्य केलेला मर्सियाचा राजा बर्ग्रेड देश सोडून रोमला गेला आणि तिथेच वारला. क्रॉनिकल हे मोजक्या ओळींत उरकतं. बखरीतल्या लांबलचक वर्णनांची सवय असलेल्या आपल्याला त्या ओळी फार कोरड्या वाटतील. पण कादंबरीला जागा मिळते ती तिथेच.

त्याच आवारात एका पडक्या इमारतीत किमान 264 माणसांची हाडं रचलेली निघाली, बहुतेक पुरुषांची. कार्बन तपासणीत काही हाडं फौजेपेक्षा जुनी ठरत होती म्हणून वर्षानुवर्षं वाद चालला. 2018 साली उलगडा झाला: या लोकांच्या खाण्यात समुद्री मासे भरपूर होते, आणि त्यामुळे हाडांचं वय प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसत होतं. ताटातला मासा अकराशे वर्षांनी साक्षीला आला. जवळच हीथ वूडमध्ये त्यांच्यातल्या काहींना चितेवर जाळून वर मातीचे उंचवटे रचले होते. तिथल्या राखेतल्या हाडांचा अभ्यास 2023 साली प्रसिद्ध झाला. घोडा आणि कुत्रा हे उत्तरेकडून, समुद्रापलीकडून आलेले निघाले. इंग्लंडात उतरल्यावर फौजेने घोडे मिळवले, हे क्रॉनिकल सांगतं. तरीही कुणीतरी आपला घोडा आणि आपलं कुत्रं होडीत घालून आणलंच. त्या प्रवासात खवळलेल्या पाण्यावर घोड्याच्या मानेला मिठी मारून बसलेला माणूस मला कुठल्याही ढालतलवारीच्या वर्णनापेक्षा जवळचा वाटतो.

रेप्टनला एक लाल-नारिंगी अकीकाचा मणीही सापडला. असे मणी गुजरातेत, खंबायतच्या बाजूला घडत, आणि हाही तिकडूनच गेला असावा असं मानलं जातं. अरब व्यापाऱ्यांच्या हातून, पूर्व युरोपातल्या नद्यांवरून, बाल्टिकमार्गे ट्रेन्टपर्यंत. आपल्या शेजारच्या कारागिराने भोक पाडलेला मणी त्या छावणीत कुणाच्या तरी गळ्यात होता. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

रेप्टननंतर फौज फुटली. गुथ्रम या सरदाराचा गट वेसेक्सवर गेला. 878 सालचा आल्फ्रेड, अ‍ॅथेल्नीची दलदल, एडिंग्टनची लढाई, गुथ्रमचा बाप्तिस्मा, ही कथा अनेकांनी सांगितली आहे, मी ती सोडतो. मला दुसरा गट महत्त्वाचा वाटतो. हाफ्डान हा दुसरा सरदार आपली माणसं घेऊन उत्तरेच्या नॉर्थम्ब्रिया राज्यात गेला. 876 च्या नोंदीत क्रॉनिकल म्हणतं की त्याने तिथली जमीन वाटून दिली, आणि ते लोक नांगरणी करून पोट भरू लागले.

मग त्यांच्या नॉर्स भाषेतले शब्द इंग्रजीत मिसळू लागले. नाईफ, एग, स्काय, लॉ, हजबंड हे शब्द त्यांचे. विंडो म्हणजे मूळ नॉर्समध्ये ‘वाऱ्याचा डोळा’. ‘दे’ (they), म्हणजे ‘ते’, हे इंग्रजी सर्वनामसुद्धा त्यांचंच. बाजारात घेतलेली वस्तू परत करता येते, सर्वनाम नाही. ते बोटीतून येत नाही, कुंपणापलीकडच्या रोजच्या बोलण्यातून येतं, लग्नातून, एकाच आईच्या दोन भाषांतून.

म्हणून लिहिणाऱ्यांनी 876 चा वसंत डोळ्यांपुढे आणावा. दहा वर्षं तलवार धरलेला माणूस ओल्या शेतात उभा आहे. कदाचित रेप्टनला सुळा ठेवणारा तोच. त्याला जमीन मिळाली, पण नांगराला बैल लागतात, बी लागतं, त्या मातीत कधी पेरायचं हे कुणीतरी सांगावं लागतं. बांधापलीकडे उभ्या असलेल्या माणसाचा भाऊ यॉर्कला पडला आहे. त्याच्याकडे बैल आहेत. दोघांपैकी आधी कोण बोललं, आणि कुठल्या भाषेत?