चहा कुणी आणला?

श्रोतेहो, नमस्कार.

मराठी कथेत चहा आपोआप येतो. 'दोघं बैठकीत बसले. चहा आला.' मग पानं मांडली जातात, जेवणं होतात, उष्टी निघतात. हे सगळं जिने केलं ती बाई वाक्यात कुठेच नसते. आपल्या भाषेत ही सोय फार सहज मिळते. 'चहा केला' म्हटलं की कुणी केला ते सांगावं लागतं. 'चहा झाला' म्हटलं की काम भागतं. आजच्या कथा-कादंबरीतल्या स्त्रीविषयी बोलताना पात्रांच्या तोंडची भाषणं आपण फार तपासतो. लेखकाची खरी नजर मात्र अशा साध्या क्रियापदांत सापडते.

घरी करून बघता येईल अशी एक तपासणी सांगते. हाताशी असेल त्या दिवाळी अंकातली एक कथा घ्या. पहिली चार पानं पुरेत. नायिकेविषयीच्या प्रत्येक वाक्यापुढे पेन्सिलीने खूण करा. ती काही करत असेल तर 'क', ती कशी दिसते हे सांगितलं असेल तर 'द', तिला काही वाटत असेल तर 'व'. मग नायकाच्या वाक्यांना तशाच खुणा करा. तिच्याकडे 'द' आणि 'व' यांची दाटी आणि त्याच्याकडे नुसते 'क', असं दिसलं तर थांबा आणि पाहा: तिच्याकडे बघणारे हे डोळे कुणाचे आहेत? नायकाचे असतील तर ठीक, तो त्याचा स्वभाव झाला. पण नायक अजून खोलीत आलेलाच नाही आणि तरी तिच्या पाठीवरचा शेपटा वर्णन करून झाला आहे, तर ते डोळे लेखकाचे.

दुसरी पायरी थोडी कष्टाची. वर्णनाची दहा-बारा वाक्यं घेऊन ती उलटी लिहा. मराठीत नुसता 'ती'चा 'तो' करून चालत नाही, क्रियापद बदलतं, विशेषणही बदलतं, म्हणून हातानेच लिहावं लागतं. 'वकील नितीन कोर्टात शिरला. मोतिया शर्ट त्याच्या सावळ्या अंगाला खुलून दिसत होता. कपाळावर आलेली बट त्याने हलकेच मागे सारली.' हे वाचताना अडखळायला होतं ना? मग मूळ कथेतल्या वकील नीताच्या बाबतीत ते न अडखळता कसं वाचलं गेलं? अशिलाची फाइल तिच्या हातात होती की नाही, हेसुद्धा लेखकाने सांगितलेलं नसतं.

यात एक चूक हमखास होते: खुणांची बेरीज म्हणजेच निकाल, असं धरलं जातं. जिला उंबरठा ओलांडू दिला जात नाही तिच्या कथेत 'क' कमी असणारच. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः आली ती १८९० नंतरच्या वर्षांत. आपलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये सुरू झालं, तोच तो काळ. त्या कादंबरीत नायिका यमू स्वतः बोलते, पुरुषाने लिहिलेली असूनही. तिच्या हातात फार थोडं आहे, आणि ते किती थोडं आहे हे कादंबरीला नेमकं ठाऊक आहे. तपासायचं ते हे ठाऊक असणं. त्याच्याही आधी, १८८२ साली, ताराबाई शिंदे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिताना त्या काळच्या कथा-नाटकांतल्या बायकांच्या चित्रणावर बोट ठेवलं होतं. म्हणजे हा प्रश्न कालचा नाही.

आता आदरार्थी बहुवचनाकडे या. 'साहेब आले, मॅडम आली.' 'देशमुख म्हणाले, वर्षा म्हणाली.' दोघं एकाच हुद्द्यावर, पण त्याला आडनाव आणि 'ते', तिला नुसतं नाव आणि 'ती'. लिहिणाऱ्यांनी मसुदा पक्का करताना एकदा फक्त हेच बघत जावं. कामाच्या जागी दोघांना एकच वागणूक द्या. निवेदक पात्राच्या मनात शिरला की मग दोघांनाही एकेरी करा. आणि घरकामाच्या 'मावशीं'ना नाव द्या. अनेक कथांमध्ये शिकलेली नायिका मोकळी होते ती मावशींनी तिची भांडी घासल्यामुळे. पण त्या कळव्याहून येतात की दिघ्याहून, आणि महिन्याला किती घेतात, हे कथेला माहीत नसतं.

पैसा ही तर मोठीच पोकळी. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकरांनी 'कळ्यांचे निःश्वास'मधून मिळवत्या मुलींची घुसमट मांडली, मुलीच्या कमाईवर घर चालतं म्हणून तिचं लग्न कसं लांबतं तेही मांडलं, तेव्हा गदारोळ उठला. आज नायिका ऐरोलीच्या किंवा महापेच्या कंपनीत नोकरीला असते. २००४ पासून ठाणे-वाशी लोकल आहे, ती रोज त्या गाडीने जाते. पण पगार कुठल्या खात्यात जमा होतो, घराचा हप्ता कोण भरतं, फ्लॅटच्या करारावर तिचं नाव आहे का? लोकलमध्ये भाजी निवडणारी बाई मात्र हटकून असते. ते चित्र खरं आहे, पण शंभरदा काढून आता त्याचा शिक्का झाला आहे. तिच्या पिशवीत भाजी आहे तसा ऑफिसातून आणलेला लॅपटॉपही आहे, आणि घणसोली यायच्या आत तिला एका मेलचं उत्तर द्यायचं आहे.

बंडाच्या कथा तर दारातच संपतात. नवरा म्हणतो, 'चालती हो', ती बॅग उचलते, पाऊस लागतो, कथा पूर्ण. २००५ चा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा तिला त्याच घरात राहण्याचा हक्क देतो. वकील असलेल्या नायिकेलाही तो आठवत नाही, हे खटकतं. आणि ती गेलीच, तर पुढचे पंधरा दिवस लिहा ना! अकरा महिन्यांचा भाडेकरार, अनामत रक्कम, 'एकट्या बाईला जागा देत नाही' म्हणणारी सोसायटी, मुलाच्या शाळेचा दाखला. खरी कादंबरी तिथे सुरू होते.

नवी मुंबईचा एक प्रसंग तर अजून लेखकाची वाटच पाहतो आहे. शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने जमिनी घेतल्या, जमीन गेलेल्यांना विकसित जमीन परत देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेत भूखंड मिळायची वेळ आली आणि आगरी-कोळी घरांतून लग्न झालेल्या बहिणींना बोलावणं गेलं, हक्कसोड पत्रावर सही करायला. महाराष्ट्रात १९९४ पासून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा आहे, आणि त्याआधी लग्न झालेल्या मुलींनाही तो २००५ पासून मिळाला. बहीण येते. भावजय तिची ओटी भरते, भाऊ कागद पुढे सरकवतो. सही केली नाही तर माहेर तुटणार, केली तर वाटा गेला. भाऊ दुष्ट असायची गरज नाही. त्याच्याही डोक्यावर कर्ज असेल. हे लिहिताना कागदाचे तपशील अचूक हवेत: वारस कोण कोण, नावं कुठल्या क्रमाने, सही की अंगठा. इथे तपशील सैल झाला की लगेच तिचे डोळे भरून येतात आणि प्रसंग मालिकेत जमा होतो.

आणि याच प्रसंगात लेखक जाता जाता लिहून जाईल, 'चहा आला.' तिथे पेन्सिल लावा. चहा भावजयीने आणला, पाच कप. कागद वाचणारे चार पुरुष आणि बहीण. भावजयीचा कप आत ओट्यावर झाकलेला आहे, आणि तिच्याही माहेरून गेल्या वर्षी असाच कागद आला होता.