फोटो व्हिडिओत टाकला की फाटतो? आधी तो १०० चा आकडा बघा

मे महिना उजाडला आणि कमेंट्स सुरू झाल्या. "दादा, फोटो फाटतोय." "दादा, गॅलरीत एक नंबर दिसतो, व्हिडिओत टाकला की पुसट." हे दरवर्षी याच दिवसांत का वाढतं ते मला पक्कं माहितीय. ३१ मे! शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख ठोकून दिलेली अख्खी पिढी त्या दिवशी रिटायर होते. आणि घरातल्या कुणा भाच्याला, पुतणीला हुकूम सुटलेला असतो, "तुला ते कॉम्प्युटरचं येतं ना, सेवापूर्तीला एक व्हिडिओ कर."

तो भाचा मीपण होतो. ती फजिती सांगतोच, पण आधी किरकोळ गोष्टी उरकू.

एक, फोटो व्हॉट्सॲपवरून आलाय का? नेहमीसारखा पाठवलेला फोटो तिथे लहान होऊनच पुढे जातो. एचडीचा पर्याय २०२३ मध्ये आला, पण काका-मावशी ते बटण दाबत नाहीत. डॉक्युमेंट म्हणून मागवा. दोन, प्रीमियरमध्ये, म्हणजे मी व्हिडिओ जोडायला वापरतो त्या सॉफ्टवेअरमध्ये, प्रीव्ह्यूच्या खिडकीखाली एक-द्वितीयांश, एक-चतुर्थांश असं काही लिहिलंय का? मग पुसट दिसणारच, ती फक्त चालवून बघण्याची सोय आहे. फुल करा, मग बोला. तीन, यूट्यूबवर चढवल्या चढवल्या बघू नका. आधी हलकी आवृत्ती दिसते, चांगली मागून तयार होते. चहा प्या.

झालं. आता खरं दुखणं.

[स्क्रीन: प्रीमियर प्रो, टाइमलाइनवर ग्रुप फोटो]

आमचे मामा प्राथमिक शिक्षक. त्यांचा डीएडचा १९८४ सालचा ग्रुप फोटो, काळा-पांढरा, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. खाली बारीक अक्षरात नावं छापलेली: "उभे, दुसरी रांग, डावीकडून..." मामा डावीकडून सहावे. माझ्या डोक्यात कल्पना अशी, की आधी अख्खा वर्ग दिसेल, मग हळूहळू झूम होत होत फक्त मामांचा चेहरा. मागे बासरी. घरी लॅपटॉपच्या इवल्याशा खिडकीत झकास दिसलं. शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर लागलं, झूम झाला, आणि पडद्यावर आला राखाडी लाडू. मामी पहिल्या रांगेतून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अहो, ह्यांचं नाक कुठंय?"

हॉल हसला. मामाही हसले. मी मात्र वायर तपासायचं नाटक करत बसलो.

स्कॅन खराब होता का? अजिबात नाही. बारा बाय आठ इंचाचा फोटो मी ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला होता, म्हणजे ७२०० बाय ४८०० पिक्सेल. व्हिडिओची चौकट केवढी? १९२० बाय १०८०. फोटो चौकटीच्या चौपटीहून उंच होता. माल भरपूर होता, मीच तो टाकून दिला.

कसा? फोटो चौकटीबाहेर जात होता म्हणून त्याच्यावर राइट क्लिक केलं आणि यादीतलं "स्केल टू फ्रेम साइझ" दाबलं. फोटो टुणकन चौकटीत बसला. पण त्याच यादीत, तिथेच शेजारी, "सेट टू फ्रेम साइझ" आहे. तेही फोटो चौकटीत बसवतं. डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे दिसतात. कामात जमीन-अस्मानाचा फरक.

"स्केल" म्हणजे प्रीमियर तुमचा फोटो चौकटीच्या मापाचा करून टाकतं. माझा ७२०० बाय ४८०० चा फोटो झाला १६२० बाय १०८०. यापुढे तुम्ही झूम करता ते या बारक्या फोटोवर. "सेट" म्हणजे फोटो आहे तेवढाच राहतो, फक्त २२.५ टक्क्यांवर दाखवला जातो. झूम करत गेलात की लपलेले पिक्सेल बाहेर यायला लागतात.

मामांच्या चेहऱ्याचा हिशोब घ्या. कागदावर चेहरा साधारण अर्ध्या इंचाचा, म्हणजे स्कॅनमध्ये ३०० पिक्सेल. "स्केल" दाबल्यावर उरले ६७. त्याच ६७ पिक्सेलना चौपट ताणलं मी. नाक कुठून येणार?

कळलं नसेल तर फोटो स्टुडिओत चला. घरातलं माणूस गेलं की भिंतीवर लावायला फोटो लागतो, आणि आपण काय घेऊन जातो? कुठल्याशा फॉर्मवरचा पासपोर्ट साइझ. स्टुडिओवाला म्हणतो, "निगेटिव्ह नाही का?" निगेटिव्हवरून मोठा केला तर चेहरा स्पष्ट येतो, पासपोर्टवरून केला तर भुतासारखा. "स्केल" दाबणं म्हणजे निगेटिव्ह घरात ठेवून पासपोर्ट फोटो मोठा करायला देणं. चौकातला फ्लेक्सवालासुद्धा "ओरिजिनल पाठवा, नाहीतर फाटेल" म्हणतो. त्याला कळतं, मला कळलं नव्हतं.

तुमच्या आवृत्तीत मेनूतली नावं वेगळी दिसतील, ती पाठ करू नका. खूण लक्षात ठेवा. फोटो निवडा, इफेक्ट कंट्रोल्समध्ये मोशन उघडा, स्केलचा आकडा वाचा. फोटो मोठा आहे, चौकटीत नीट बसलाय, आणि आकडा १०० म्हणतोय? फसलात. २२, ३६ असं काही दिसतंय? बरोबर चाललंय. मोबाइलचा ४००० बाय ३००० चा फोटो फुल एचडीत (१९२० बाय १०८०) बसला की ३६ च दिसला पाहिजे. तिथून १०० पर्यंत बिनधास्त झूम करा. १०० च्या पुढे ताणाताणी सुरू.

दुरुस्ती अशी. टाइमलाइनवरचे, म्हणजे खालच्या पट्टीवर मांडलेले, सगळे फोटो निवडा, राइट क्लिक, "सेट टू फ्रेम साइझ". आधी झूमच्या की-फ्रेम (झूम कुठे सुरू, कुठे संपतो त्या खुणा) लावल्या असतील तर त्या पुन्हा बसवाव्या लागतील, त्याला इलाज नाही. आणि प्रेफरन्सेसमध्ये मीडियात जाऊन डिफॉल्ट मीडिया स्केलिंगलाही "सेट" करून ठेवा. पण ते यापुढे आणलेल्या फोटोंना लागतं, आधीच्यांना नाही. मागच्या वेळी हे सांगूनसुद्धा तीस-चाळीस जणांनी "केलं, तरी फाटतोय" लिहिलं. अहो, जुन्यांना लागत नाही!

हाच सापळा दुसऱ्या दारानेही येतो, नेस्टच्या. नेस्ट म्हणजे अनेक फोटो-क्लिप बांधून केलेलं एकच गाठोडं. आकडा ३६ आहे, सगळं छान, मग तुम्ही पाच फोटो नेस्ट केले आणि झूम नेस्टवर लावला. झालं! नेस्ट स्वतःच १९२० बाय १०८० ची, आतला फोटो त्या मापाचा होऊनच बाहेर येतो. झूम करायचा तर नेस्ट उघडून आतल्या फोटोवर करा.

रिझॉल्व्ह हे दुसरं एडिटिंग सॉफ्टवेअर वापरणारे विचारतील. तिथे एडिट पेजवर इन्स्पेक्टरमधला झूम मूळ फोटोवरूनच काढला जातो. आणि तिथे चौकटीत बसलेल्या फोटोचा झूम १ दिसतो, तो बघून घाबरू नका. १०० वाली खूण प्रीमियरची आहे.

आता माझा आवडता राग. "सर, फोटो ७२ डीपीआयचा होता, फोटोशॉपमध्ये ३०० केला, फरक पडला नाही." नाहीच पडणार! डीपीआय कागदाचं माप आहे. स्कॅन करताना त्याला किंमत, कारण त्यावर किती पिक्सेल मिळणार ते ठरतं. चार बाय सहा इंचाचा फोटो ३०० ला स्कॅन केला तर १२०० बाय १८००, ६०० ला केला तर २४०० बाय ३६००. पण फाइल टाइमलाइनवर आली की डीपीआय कुणी विचारत नाही. नुसता तो आकडा बदलणं म्हणजे डब्यावरची चिठ्ठी बदलणं, आत डाळ तेवढीच.

उलटी तक्रारही येते. एका ताईंनी लिहिलंय, फोटो स्पष्ट आहे, पण हळू झूममध्ये पैठणीचा काठ मुंग्या आल्यासारखा वळवळतो. ताई, तुमचा फोटो चांगला आहे हो, हीच अडचण. जरीच्या बारीक रेघा छोट्या चौकटीत मावत नाहीत, म्हणून लुकलुकतात. मोशनमध्येच खाली अँटी-फ्लिकर फिल्टर आहे, तो शून्यावरून थोडा थोडा वाढवा. काठ शांत झाला की थांबा, नाहीतर सगळी साडीच मऊ होईल.

मामांचा व्हिडिओ मी दुसऱ्या दिवशी पुन्हा काढून दिला. त्यांनी तो त्या ग्रुप फोटोवर थांबवला आणि स्वतःचा चेहरा सोडून खालची नावं वाचत अर्धा तास बसले. कोण कुठल्या शाळेवर गेला, कोण आता नाही.

तर आत्ता हा व्हिडिओ थांबवा, तुमचा प्रोजेक्ट उघडा, एक फोटो निवडा आणि तो आकडा वाचा. तरीही फोटो फाटत असेल तर कमेंटमध्ये तीन गोष्टी लिहा: स्केलचा आकडा, फोटो किती पिक्सेलचा, झूम नेस्टवर आहे की फोटोवर. लॅपटॉपचं मॉडेल नको.