पेडर रोडचा चढ दोनदा येतो

(धावपटूंच्या मेळाव्यातील व्याख्यान, संपादित)

नमस्कार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांची येत्या हंगामात पहिली फुल, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन, आहे. त्यामुळे आज बूट, आहार, स्ट्रेचिंग यांवर काही बोलणार नाही, फक्त वेगावर बोलतो. त्यातही पहिल्या दहा किलोमीटरच्या वेगावर. हौशी धावपटूची मॅरेथॉन बिघडते ती तिथे, आणि बिघडल्याचं कळतं तिसाव्या किलोमीटरनंतर.

मी पहिली फुल मुंबईत धावलो. तेव्हाच्या मार्गावर पेडर रोडचा चढ जाताना एकदा लागायचा आणि परतताना, पस्तिशी ओलांडल्यावर, पुन्हा एकदा. जाताना पहाटेचा अंधार होता, हवेत थोडा गारवा होता आणि पाय आठवडाभराच्या विश्रांतीनं ताजे होते. तो चढ मी माणसं मागे टाकत चढलो. चढ आहे हे जाणवलंसुद्धा नाही. परतताना ऊन चढलेलं, आणि मी त्याच रस्त्यावर दुभाजकाला धरून पोटरी चोळत उभा. कडेला उभ्या असलेल्या एका आजींनी मीठ लावलेली संत्र्याची फोड माझ्या तळहातावर ठेवली. म्हणाल्या, "बाळा, हळू जा आता." तो सल्ला मला पहाटे हवा होता.

शरीरात काय होतं ते बघा. स्नायूंत आणि यकृतात मिळून साठलेलं ग्लायकोजेन साधारण दोन हजार कॅलरींचं असतं. धावताना ढोबळमानानं वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला एक कॅलरी लागते. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ४२.१९५ किलोमीटरसाठी अडीच हजार. उरलेलं चरबीतून आणि वाटेत घेतलेल्या जेलमधून, म्हणजे साखरेच्या घट्ट पाकासारख्या पुडीतून, भागवायचं. पण आपण जितका जोर लावू, तितका इंधनातला ग्लायकोजेनचा वाटा वाढतो आणि चरबीचा घटतो. सुरुवातीला जोर लावला की मोजका साठा लवकर संपतो. 'वॉल लागली' म्हणतो ती हीच.

त्यात आपल्याकडची दमट हवा. घाम येतो, पण वाळत नाही. त्वचा थंड ठेवायला रक्त तिकडे वळतं, आणि वेग तोच असूनही हृदयाचे ठोके वाढत जातात. दहाव्या किलोमीटरला जो वेग सोपा वाटतो, तोच तिसाव्याला आपल्या आवाक्यात असेल असं नाही.

आता थोडं गणित. चार तासांचं लक्ष्य असेल तर किलोमीटरला ५ मिनिटं ४१ सेकंद हा पेस पडतो. समजा, उत्साहात पहिले दहा किलोमीटर दर किलोमीटरला वीस-वीस सेकंद वाचवत मारले. कमावली ३ मिनिटं २० सेकंद. आणि त्यापायी शेवटचे आठ किलोमीटर चालत-धावत किलोमीटरला आठ मिनिटांच्या पेसनं काढावे लागले, तर गेली साडेअठरा मिनिटं. माझ्या ओळखीचे कितीतरी जण दर वर्षी हाच व्यवहार करतात, आणि नंतर क्रॅम्पला दोष देतात.

जगातले सर्वोत्तम काय करतात? ८ ऑक्टोबर २०२३ रोजी शिकागोला केल्विन किप्टुमनं २ तास ३५ सेकंदांचा विश्वविक्रम केला. पहिला अर्धा टप्पा ६० मिनिटं ४८ सेकंदांत, दुसरा ५९ मिनिटं ४७ सेकंदांत. दुसरा अर्धा एक मिनिटानं वेगवान! एलिअड किपचोगेचा २०२२ चा बर्लिनचा विक्रम याच्या उलट होता: ५९:५१ आणि ६१:१८. तेव्हा निगेटिव्ह स्प्लिट, म्हणजे दुसरा अर्धा पहिल्यापेक्षा वेगानं धावणं, हाच एक मार्ग, असं मी म्हणणार नाही. पण नीट पाहा. किपचोगेसारखा धावपटू सुरुवातीला जरा पुढे गेला, तरी दोन अर्ध्यांतला फरक दीड मिनिटाच्या आतच राहिला. आपल्यातल्या अनेकांचा हा फरक पंचवीस-तीस मिनिटांचा असतो. किप्टुम २०२४ च्या फेब्रुवारीत अपघातात गेला, अवघा चोवीस वर्षांचा. त्याची ती धाव मी अजूनही अधूनमधून लावून बघतो. पस्तीस किलोमीटरच्या पुढेही त्याचे खांदे ढळत नाहीत.

साताऱ्याची हिल हाफ, म्हणजे डोंगरातली अर्धमॅरेथॉन, ज्यांनी केली आहे त्यांना पुढचा मुद्दा लगेच पटेल. यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच रस्त्यानं उतरायचं. तिथे 'सहाचा पेस धरून ठेवतो' असं ठरवलं तर चढावर दम निघतो आणि उतारावर उगाच हात आखडतो. तिथे श्वास सारखा ठेवायचा. चढावर किलोमीटरला मिनिटभर जास्त लागलं तरी लागू द्यायचं. शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे, ही माझी कसोटी. पेडर रोडलाही हीच लावा, दोन्ही वेळा.

घड्याळाबद्दल एक सांगतो, कारण यात दर वर्षी कुणीतरी फसतं. शर्यतीचा मार्ग सगळ्यात जवळच्या रेषेनं मोजलेला असतो. आपण वळणं बाहेरून घेतो, गर्दीतून आडवेतिडवे जातो, पाण्यासाठी कडेला जातो. शिवाय उंच इमारतींमध्ये जीपीएस भरकटतो. शेवटी घड्याळ ४२.६ दाखवतं. तेव्हा चार तासांसाठी घड्याळात ५:४१ नाही, ५:३८ दिसायला हवं. आणि क्षणोक्षणीचा पेस बघूच नका. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या पाटीपाशी एकूण वेळ बघा, तेवढं पुरे.

पेसरबरोबर, म्हणजे ठरलेल्या वेळेच्या हिशेबानं झेंडा घेऊन धावणाऱ्याबरोबर, धावणार असाल तर त्याचा झेंडा नजरेत ठेवून चार पावलं मागे राहा. पहिल्या दहात तो झेंडा पन्नास मीटर पुढे गेला तरी जाऊ द्या.

रविवारी सकाळी साडेपाचला आपण सोळा किलोमीटर धावणार आहोत. येताना चिकटपट्टी आणा. घड्याळ चालू करून त्यावर पट्टी लावायची, आणि प्रत्येक किलोमीटरला आपला पेस किती असेल ते मोठ्यानं सांगायचं. मी कागदावर लिहून घेईन. पट्ट्या शेवटी, चहाच्या वेळी काढू.