कुंपणावरचे ऋतू

(दृश्य : सकाळचं कोवळं ऊन. कुंपणाच्या भिंतीवर चिमणीएवढा काळा पक्षी.)

या पक्ष्याची शेपटी नीट बघा. तो बसला की ती थरथरू लागते, क्षणभर थांबते, पुन्हा थरथरते. अंग काळं, पोट आणि शेपटी विटकरी. हा कृष्ण थिरथिरा. वजन जेमतेम पंधरा-सोळा ग्रॅम. ऑक्टोबर लागला की भिंतीवर, गच्चीच्या कठड्यावर, दोरीच्या खांबावर तो दिसू लागतो. खाली झेप घ्यायची, मुंगी नाहीतर एखादा किडा टिपायचा आणि परत त्याच जागेवर येऊन बसायचं, असा त्याचा दिवसभराचा उद्योग. काही महिन्यांपूर्वी हाच थिरथिरा हिमालयात, तिबेटात किंवा मध्य आशियातल्या एखाद्या डोंगरकपारीत पिल्लांना भरवत होता.

स्थलांतर म्हटलं की आपल्याला तलाव आठवतात, बदकांचे थवे आठवतात. ते बघावेतच. पण हजारो किलोमीटर उडून आलेले पाहुणे थेट घरामागच्या झाडावर उतरतात आणि घरातल्या कुणाला पत्ताही नसतो, याची मला फार रुखरुख वाटते.

थिरथिरा निदान नजरेत भरतो. हिरवट पर्णवटवट्याचं तसं नाही. रंग पानांचा, आकार अंगठ्याएवढा, वजन सात-आठ ग्रॅम. तो दिसण्याआधी ऐकू येतो. ‘ची-वी’, ‘ची-वी’ असा टोकदार आवाज झाडाच्या शेंड्यातून दिवसभर येत राहतो. हिवाळ्यात हा इवलासा जीव आपल्यापुरती काही झाडं राखून ठेवतो आणि दुसरा वटवट्या तिथे फिरकला तर त्याला हुसकावून लावतो. पुढच्या हिवाळ्यात, जगला वाचला तर, तो पुन्हा त्याच झाडांवर येतो. आपल्या दारातलं झाड त्याच्या ओळखीचं असतं.

(दृश्य : जास्वंदीच्या फुलावर शिंजीर.)

हे पाहुणे ओळखायचे तर सुरुवात घरच्यांपासून करावी लागते. बुलबुल, साळुंकी, दयाळ, शिंपी, शिंजीर. यांचा आवाज, यांची बसण्याची ढब एकदा अंगवळणी पडली की परका पक्षी आपोआप वेगळा कळतो. आणि घरचे म्हणजे बारा महिने सारखेच दिसणारे, असंही नाही.

जांभळा शिंजीरच घ्या. विणीच्या हंगामात नर असा असतो की ऊन पडलं की काळ्या पिसांतून जांभळी, निळी, हिरवी झाक उसळते. हंगाम सरला की तो ही झळाळी उतरवून ठेवतो. पाठ मातकट, पोट फिकट पिवळं, अगदी मादीसारखं. खूण एकच उरते : हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध गेलेली काळपट रेघ. मग हळूहळू इथे एक चमकदार पीस, तिथे एक, असा तो ठिगळ ठिगळ रंगत जातो. रोज सकाळी पाच मिनिटं त्याच फुलझाडाकडे बघितलं तर हा बदल डोळ्यांदेखत घडतो. यासाठी कुठे जायला नको, दुर्बीणही नको.

दयाळाचा ऋतू गळ्यात असतो. थंडीभर तो जवळजवळ गप्प. मार्चच्या आसपास पहाटे झाडाच्या टोकावर बसून गाऊ लागतो, आणि इतकं सुरेल गातो की झोपमोडीचंही काही वाटत नाही.

(दृश्य : जुनं चित्र. करकोचा, मानेत आरपार गेलेला बाण.)

पक्षी जातात कुठे, हे कोडं माणसाला फार काळ सुटलं नव्हतं. अ‍ॅरिस्टॉटलसारख्या बारकाईने बघणाऱ्या माणसालाही वाटत होतं की काही पक्षी हिवाळ्यात बिळांत, कपारींत दडून झोपतात. माळभिंगऱ्या तळ्याच्या गाळात थंडी काढतात, असं युरोपात अनेक शतकं मानलं जाई. मग १८२२ मध्ये जर्मनीतल्या क्ल्युट्झ गावाजवळ एक पांढरा करकोचा सापडला. त्याच्या मानेत लांबलचक बाण रुतलेला होता, आणि तो बाण होता आफ्रिकेतला. बाण लागलेल्या अवस्थेत तो पक्षी आफ्रिकेतून युरोपापर्यंत उडत आला होता. रोस्टॉक विद्यापीठात तो आजही जपून ठेवलेला आहे.

१८९९ मध्ये डेन्मार्कमधल्या हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन या शिक्षकाने मैनेच्या जातीतल्या पक्ष्यांच्या पायांत क्रमांक आणि पत्ता कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची कडी घातली. भारतात १९५९ मध्ये सालिम अली यांच्या पुढाकाराने बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. आता पाठीवर उपग्रहाशी बोलणारं छोटंसं यंत्र असतं आणि पक्ष्याचा प्रवास पडद्यावर रेषेसारखा उमटतो.

त्या रेषा थक्क करतात. पट्टकादंब हंस मंगोलियातून, तिबेटच्या पठारावरून हिमालय ओलांडून भारतात येतात. त्यांच्यापैकी एकाची ७,२९० मीटर उंचीवर नोंद झाली आहे. माणसाला तिथे चार पावलं चालताना धाप लागते. हंसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू घट्ट धरून ठेवतं. आणि एकदाच उंच चढून सरळ रेषेत जायचं, असं तो करतच नाही. डोंगर आला की तो चढतो, दरी आली की खाली उतरतो. पुन्हा चढण्याचे कष्ट पडले तरी दाट हवेत उडणं त्याला एकंदरीत स्वस्त पडतं, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं.

(दृश्य : तिन्हीसांजा. तारांवर शेकडो ससाणे.)

अमूर ससाणा याहून लहान, दीडशे ग्रॅमचा. सैबेरियाच्या आग्नेय भागातून आणि उत्तर चीनमधून निघतो, ऑक्टोबरात नागालँडमध्ये उतरतो. तिथल्या दोयांग जलाशयाच्या काठी २०१२ मध्ये जाळी लावून या ससाण्यांची प्रचंड संख्येने शिकार झाली. त्याची छायाचित्रं बघवत नाहीत. पुढच्याच वर्षी तिथल्या गावकऱ्यांनी शिकार पूर्ण बंद केली. माणसं एका वर्षात इतकी बदलू शकतात, हे मला त्या ससाण्यांच्या प्रवासाइतकंच मोठं वाटतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये तीन ससाण्यांच्या पाठीवर यंत्रं बसवली गेली. त्यांतल्या एकाला नाव दिलं होतं पांगती, तिथल्याच एका गावाचं. हे ससाणे भारत पार करतात, मग अरबी समुद्र न थांबता ओलांडतात आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जातात. त्याच दिवसांत चतुरांचे थवेही समुद्र ओलांडत असतात. वाटेत ससाण्यांचं पोट त्यांवर भरत असावं, असा अभ्यासकांचा कयास आहे.

निघायची वेळ झाली, हे पक्ष्याला सांगतं कोण? थंडी वाजली म्हणून तो निघत नाही. १९२०च्या दशकात कॅनडात विल्यम रोवन या जीवशास्त्रज्ञाने ऐन हिवाळ्यात, उघड्यावरच्या पिंजऱ्यांत विजेचे दिवे लावून छोट्या जंको पक्ष्यांचा दिवस रोज थोडा थोडा लांबवला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी, पण पक्ष्यांच्या शरीराला वसंत लागला आणि ते विणीसाठी तयार होऊ लागले. दिवसाची लांबी हे त्यांचं पंचांग. मग भूक वाढते, अंगावर चरबी चढते, पिंजऱ्यातलाही पक्षी रात्री अस्वस्थ होऊन जायच्या दिशेने फडफडू लागतो. बरेचसे छोटे पक्षी रात्रीच उडतात, ताऱ्यांचा आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेऊन.

(दृश्य : पळस फुललेला. भोरड्यांचा कल्लोळ.)

भोरड्या मात्र दिवसाढवळ्या, गोंगाट करत येतात. गुलाबी अंग, काळं डोकं, काळे पंख. पूर्व युरोप आणि मध्य आशियात टोळांच्या भरवशावर पिल्लं वाढवायची, आणि पावसाळा संपायच्या आतच इथे परतायचं. एप्रिलपर्यंत मुक्काम. हिशेब केला तर वर्षाचा मोठा भाग त्या इथेच असतात, घरट्यापुरत्या तेवढ्या तिकडे. तेव्हा त्यांचं बरंवाईट तिकडच्या गवताळ मैदानांइतकंच इथल्या पळसावर आणि पांगाऱ्यावरही अवलंबून आहे.

हिवाळी पाहुणे गेले की अंगण ओस पडत नाही. तोवर कोकीळ सुरू झालेला असतो. मे सरता सरता आफ्रिकेकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर चातक पोहोचतो : काळापांढरा, डोक्यावर तुरा. तो इथे येतो विणीसाठी, पण घरटं बांधत नाही. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात त्यांच्याच अंड्यांसारखं निळं अंडं घालून निघून जाते. दाट झाडीत नवरंगाची दोन सुरांची शीळ सकाळ-संध्याकाळ घुमू लागते. सुगरणीचा नर पिवळाधमक होतो आणि अर्धवट विणलेल्या खोप्याला लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावत राहतो.

(दृश्य : वही, पेन्सिल, खिडकी.)

हे सगळं लिहून ठेवायला हवं, आणि त्यात एक गोम आहे. पक्षी आला, ही तारीख सगळे उत्साहाने लिहितात. तो गेला कधी, हे सांगता येत नाही, कारण शेवटचा दिसला तेव्हा तो शेवटचा आहे हे कळतच नाही. त्यासाठी फेब्रुवारी-मार्चपासून तो दिसेल त्या प्रत्येक दिवशी खूण करत जायची. पहिल्या आणि शेवटच्या दर्शनाच्या अशा नोंदी देशभरातून गोळा करायला २००७ मध्ये ‘मायग्रंटवॉच’ हा उपक्रम सुरू झाला होता. आता त्या ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर जातात.

‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा २०२३चा अहवाल अशाच सुमारे तीस हजार हौशी निरीक्षकांच्या तीन कोटी नोंदींवर उभा आहे. दूरवरून येणारे स्थलांतरित पक्षी घटत आहेत, हे त्यातून दिसलं. कोकीळ वाढतो आहे आणि शेताच्या तारेवर हमखास बसणारा चास कमी होतो आहे, हेही त्यातूनच कळलं.

दर फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातल्या पक्ष्यांची गणना होते. भारत २०१३ पासून तीत आहे. एका जागी किमान पंधरा मिनिटं थांबायचं आणि दिसेल तो पक्षी, जितके दिसतील तितके, लिहायचे. खिडकीतूनही चालतं. कावळा आणि साळुंकी वगळायची नाही. चाससुद्धा कालपर्यंत असाच कुठेही दिसणारा पक्षी होता.