रिपोर्ट परवा का मिळतो?

श्रोतेहो, नमस्कार. लघवीचा नमुना 'कल्चर'साठी, म्हणजे त्यातले जंतू वाढवून ओळखण्यासाठी, दिला की लॅबच्या खिडकीतून ठरलेलं उत्तर येतं, "रिपोर्ट परवा." त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी काम करते. रक्तातली साखर दुपारपर्यंत कळते, मग यालाच एवढा वेळ का, असं लोक वैतागून विचारतात. साखर नुसती मोजायची असते हो. जंतूंना मात्र आधी जेवू घालावं लागतं.

एकटादुकटा जंतू डोळ्यांना दिसत नाही. त्याला आवडीचं खाणं आणि ३७ अंशांची ऊब मिळाली, की एकाचे दोन, दोनाचे चार होत रात्रभरात टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका तयार होतो. त्याला आम्ही 'कॉलनी' म्हणतो, आणि त्या खाण्याला 'मीडिया', म्हणजे संवर्धन माध्यम.

खाणं पातळ असलं की सगळे जंतू एकात एक मिसळतात. वेगळे करायचे तर घट्ट थर हवा. जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर प्रयत्न केला, मग जिलेटिनवर. पण जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं, आणि काही जंतू तर तेच खाऊन त्याचं पाणी करायचे. १८८१ साली त्यांच्या प्रयोगशाळेतले वॉल्थर हेसे याच त्रासात होते. त्यांच्या पत्नी फॅनी घरी जेली करताना अगार वापरत. जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्यांकडून त्या ते शिकल्या होत्या. अगार म्हणजे आपली वाण्याकडची चायना ग्रास! उकळत्या पाण्यात विरघळते, चाळीस अंशांच्या आसपास गोठते, आणि एकदा गोठली की ३७ अंशांत वितळत नाही. पुढच्या वर्षी क्षयाच्या जंतूवरच्या निबंधात कॉख यांनी अगारचा ओझरता उल्लेख केला. फॅनीबाईंचं नाव नाही. मला याचा अजून राग येतो.

आमच्या मुंबईतही स्वयंपाकघर प्रयोगशाळेत आलं होतं. १८९६-९७ च्या प्लेगात जंतुशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवत होते. ते मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब सोडत आणि प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून झुंबरासारखे खाली लोंबत वाढत.

आज आमच्या टेबलावर रोज असते ती मॅककॉन्की अगारची प्लेट. तिच्यात पित्तक्षार असतात, त्यामुळे आतड्यात राहायची सवय असलेले जंतूच तिथे सहसा तगतात. सोबत दुधातली साखर आणि एक रंग. ई. कोलाय हा आतड्यातला नेहमीचा जंतू ती साखर आंबवतो, आम्ल तयार होतं आणि कॉलनी गडद गुलाबी दिसते. टायफॉइडच्या जंतूला ही साखर पचत नाही, त्याच्या कॉलन्या फिक्याच राहतात. 'चॉकलेट अगार' नावाचीही एक प्लेट आहे. तिच्यात चॉकलेट नसतं, तापवून तपकिरी झालेलं रक्त असतं. नव्या मुलांची दरवर्षी निराशा होते.

तर पहिली रात्र कॉलनी उगवण्यात जाते. सकाळी तिच्यातले जंतू दुसऱ्या प्लेटवर पसरून वर अँटिबायोटिकच्या कागदी चकत्या ठेवतो. दुसऱ्या रात्रीनंतर चकतीभोवतीची मोकळी कडी मिलिमीटरमध्ये मोजायची, म्हणजे कुठलं औषध लागू पडेल ते कळतं. नमुना घेतानाच आम्ही विचारतो, "कुठली गोळी घेतलीय का?" पुष्कळजण अँटिबायोटिक घेतलेली असूनही नाही म्हणतात, आणि गोळीने दबलेले जंतू प्लेटवर उगवत नाहीत. मग सकाळी प्लेट कोरी निघते, आणि पेशंटची जळजळ तशीच असते.