हवेत वाढलेला कार्बन आपलाच कशावरून? आणि कमी करायचा तर कुठून?

नमस्कार मंडळी, क्लायमेट चेंजचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतंच, अहो हवामान लाखो वर्षं बदलतंच आलंय, हिमयुगं आली नि गेली, तेव्हा कुठे गाड्या होत्या? बरोबर आहे, नव्हत्या. पण आत्ता हवेत वाढलेला कार्बन आला कुठून हे तपासता येतं ना, आणि ते तपासूनही झालंय.

चार्ल्स कीलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने १९५८ पासून हवाईच्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला, तेव्हा आकडा ३१५ पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दर दहा लाख कणांमागे ३१५) आसपास होता, आज ४२० च्या वर गेलाय. कारखानदारी सुरू होण्याआधी तो २८० होता. पुढे त्यांचा मुलगा राल्फ कीलिंग याने ऑक्सिजन मोजला, तर तो कमी होतोय! घाबरू नका, गुदमरण्याइतका नाही, अगदी किंचित. पण काहीतरी जळतंय त्याचीच ही खूण, कारण ज्वालामुखीतून नुसता कार्बन बाहेर पडला असता तर ऑक्सिजन असा घटला नसता. वर कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं गाडलेलं असल्यामुळे त्यात कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, जो काळाबरोबर आपोआप संपत जातो) उरलेलाच नसतो, आणि हवेतलं त्याचं प्रमाण पातळ होत चाललंय हेही दिसतं. आता यापुढे अजून काय पुरावा द्यायचा सांगा.

त्यामुळे माझ्या मते खरा वाद वेगळाच आहे, कमी कुठून करायचं हा.

विजेचं त्यातल्या त्यात सोपं, २०१० ते २०१९ मध्ये सोलर विजेचा खर्च साधारण ८५ टक्क्यांनी उतरला, अडचण आहे ती रात्रीच्या साठवणुकीची आणि ग्रिडची. डोकेदुखी सिमेंटची. कारण बघा, भट्टीत चुनखडी भाजतात, तापमान जातं १४५० डिग्रीपर्यंत, आणि तापल्यावर त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणजे उद्या भट्टी पूर्ण सोलरवर चालवली तरी निम्म्याहून जास्त उत्सर्जन तसंच राहतं!! मग उपाय काय, तर क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारे सिमेंटचे खडे, कमी घालायचं आणि त्याच्या जागी फ्लाय अॅश (कोळशाची राख), स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) नाहीतर भाजलेली चिकणमाती. हे आजही करता येतं, फक्त टेंडर लिहिणाऱ्यांनी तसं सिमेंट मागायला हवं.

आणि मिथेन, म्हणजे नैसर्गिक गॅसमधला मुख्य वायू, याच्याबद्दल फार कमी बोललं जातं. २० वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट तापवतो, पण हवेत टिकतो जेमतेम बारा वर्षं, म्हणजे आज गळती थांबवली तर फरक आपल्याच हयातीत दिसेल. गॅसच्या पाइपलाइनी, तेलविहिरी, कचरा डेपो, सगळीकडून गळतोय, आणि पाइपलाइनचा गळणारा गॅस तर विकायचा माल आहे राव, तरी कंपन्या दुरुस्ती पुढे ढकलतात. स्टीलचं राहिलंच, ते पुढच्या व्हिडिओत.