स्मेतानाचा तो एक स्वर

श्रोतेहो, नमस्कार.

आज चार वाद्यांची मैफल आहे. दोन व्हायोलिन, एक व्हिओला, म्हणजे व्हायोलिनचाच थोडा मोठा, खालच्या आवाजाचा भाऊ, आणि एक चेलो, त्याहून मोठा, खर्जातला. पाश्चात्य संगीतात या संचाला स्ट्रिंग क्वार्टेट म्हणतात. बेडरिख स्मेताना या चेक संगीतकाराने १८७६ साली ई मायनर या स्वरपट्टीत एक क्वार्टेट लिहिलं आणि त्याला नाव दिलं, ‘माझ्या आयुष्यातून’.

तेव्हा त्याला काहीही ऐकू येत नव्हतं. १८७४ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, दोन्ही कान गेले होते. प्रागच्या नाट्यगृहातलं काम सुटलं, आणि तो याबकेनित्से या खेड्यात मुलीच्या घरी राहायला गेला. तिथे, मनातल्या मनात ऐकत, त्याने हे कागदावर उतरवलं.

सुरुवातच वेगळी आहे. सुरुवात करण्याचा मान बहुतेक वेळा पहिल्या व्हायोलिनचा. इथे मात्र बोलायला उठतो तो व्हिओला, एरवी मधल्या फळीत राहून साथ करणारा. घोगरा, भरलेला, थेट काळजाला हात घालणारा आवाज. १८७८ साली प्रागमधल्या एका खासगी मैफलीत हा व्हिओला वाजवला होता प्रसिद्ध चेक संगीतकार अंतोनिन द्वोर्झाकने!

दुसऱ्या भागात पोल्का हा चेक नाच येतो. तरुणपणी स्मेतानाला नाचाचं भारी वेड. मधेच व्हिओला चक्क तुतारीसारखा वाजू लागतो. मला विचाराल तर साऱ्या रचनेत जीव सर्वांत जास्त इथे कासावीस होतो. ज्याच्या कानात आता कुठलाच ताल पोचत नाही, तो माणूस इतका मनमोकळा नाच लिहितो.

तिसरा भाग कातेर्झिनाचा, त्याच्या पहिल्या पत्नीचा. ती १८५९ मध्येच क्षयाने गेली. चेलो एकटाच बोलू लागतो, आणि बाकीचे तिघे क्षणभर थांबून राहतात.

आणि मग चौथा. सगळं उधाणलेलं, आपल्या मातीचं संगीत सापडल्याचा आनंद. भरधाव चाललेली चारही वाद्यं एकाएकी थबकतात. खाली तिघांचे गज थरथरू लागतात, आणि त्यावर पहिलं व्हायोलिन एकच स्वर धरतं. ई. तारसप्तकाच्याही वरचा, बारीक, सुईसारखा. बहिरेपण येण्याआधी त्याच्या कानात अशीच शिट्टी वाजायची. त्या स्वराला तो सजवत नाही, त्याची तान करत नाही. नुसता धरून ठेवतो.

त्यानंतर सुरुवातीची ती व्हिओलाची ओळ परत येते, पण थकलेली. आवाज उतरत जातो. शेवटी बोटांनी हलकेच छेडलेल्या तारा, बस्स.

श्रोतेहो, त्या स्वराची वाट बघत बसू नका. तो येईल तेव्हा येईल. आधी पोल्का मनसोक्त ऐका. रेडिओचा आवाज थोडा वाढवा, व्हिओला आता सुरू करतो आहे.